बाहीखाली झाकलेला टॅटू

मे महिना. जळगावात पारा ४४ वर. गाडीवरून जाणाऱ्या प्रत्येक पोरीच्या हातात कोपरापर्यंतचे सुती हातमोजे, त्यामुळे त्याखाली काय आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. घरात पंख्याखाली बसल्यावरही एका हातातला मोजा निघत नाही, तेव्हा आईला शंका येते. आत तीन दिवसांचा ताजा टॅटू असतो. त्यावर घट्ट कापड, कापडात घाम, घामात रस्त्याची धूळ. चौथ्या दिवशी कडा लाल होतात, पाचव्या दिवशी पिवळं पाणी यायला लागतं. मग घरचे म्हणतात, बघ, म्हणून नको म्हणत होतो.

टॅटू म्हणजे जखमच असते, पण उघडी, स्वच्छ आणि कोरडी ठेवली की ती दोन-तीन आठवड्यांत भरते. इथं ती चिघळली, कारण ती कुणाला दिसू द्यायची नव्हती. खान्देशात टॅटूबद्दल जे बोललं जातं, त्यातली काही भीती खरी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. उरलेला सगळा माणसाच्या स्वभावावर मारलेला शिक्का आहे. हे दोन्ही एकत्र कालवल्यामुळे पोरं टॅटू करायचं थांबत नाहीत, फक्त स्वस्तात आणि चोरून करतात. काढायची वेळ आली की तेही चोरूनच.

‘हाई काय करी लिधं रे भो?’ असं ज्या घरात विचारलं जातं, त्याच घरात आजीच्या कपाळावर आणि मनगटावर गोंदण असतं. सातपुड्याकडं गेलं की भिल्ल बायकांच्या डोळ्यांच्या कोपऱ्याशी गोंदलेल्या खुणा दिसतात. सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं म्हातारी माणसं म्हणतात. गोंदणारणी दिव्याची काजळी आणि एकत्र बांधलेल्या सुया वापरत. आजच्या काळ्या शाईतही मुख्यतः कार्बनच असतो आणि तोही त्याच ठिकाणी, वरच्या सालीखालच्या थरात, साधारण दीड-दोन मिलिमीटर खोल जातो. आजीचं गोंदण हिरवट-निळं दिसतं ते रंगामुळं नाही. काळा कण त्वचेच्या आतून बघितला की निळसर भासतो, आणि वर्षानुवर्षं कण थोडे पसरत गेल्यानं रेघ जाड होते. नातवाचा टॅटूही पन्नास वर्षांनी तसाच दिसेल.

‘ते देवाधर्माचं, हे फॅशनचं’ हे उत्तर आम्ही खूप ऐकतो. ज्याला आवडत नाही त्याला न आवडू दे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग शहरात शिकायला आलेल्या पावरा आदिवासी पोरीच्या हनुवटीवरचे ठिपके बघून वसतिगृहात तिला मागास का म्हटलं जातं? ते तर परंपरेचंच असतं. अंगावरची खूण बघून माणूस तोलायची सवय जुनी आहे आणि ती सत्तेनं लावलेली आहे. बंगाल इलाख्यात १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदला जाई, आणि ती शिक्षा १८४९ मध्ये बंद झाली. पुढं १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवलं, तो १९५२ मध्ये रद्द झाला. कायदे गेले, पण गोंदलेला हात दिसला की संशय घ्यायचा हे राहिलं.

आता खरी भीती. ती सुईची आहे.

जत्रेत गोंदणाचं दुकान बघा. पुठ्ठ्यावर चिकटवलेली नक्षी, त्यात विंचू, मोर, त्रिशूळ, ‘आई’. बॅटरीवर चालणारं लहान यंत्र, एक वाटीभर शाई आणि एक ओली चिंधी. पहिल्याचं रक्त त्या चिंधीनं पुसलं जातं, तीच सुई त्याच वाटीत बुडते आणि दुसऱ्याच्या हातात जाते. यकृत बिघडवणाऱ्या हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. म्हणजे आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाचा संसर्गही त्या वाटीतून येऊ शकतो. डेटॉलच्या पाण्यात सुई बुडवून किंवा लायटरवर धरून भागत नाही. धातूची पुन्हा वापरायची अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखालच्या १२१ अंशांच्या वाफेत १५ ते २० मिनिटं ठेवावी लागतात. सुई मात्र पुन्हा वापरायचीच नसते.

चांगल्या स्टुडिओत सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडतात. त्यावरची मुदत वाचा. शाई मोठ्या बाटलीतून नखाएवढ्या टोपणात ओततात आणि उरलेली परत बाटलीत जात नाही. केस काढायचं ब्लेड नवं असतं. मध्येच कारागिरानं मोबाइल उचलला तर हातमोजे बदलायला हवेत, आणि आमच्या मते स्टुडिओ ओळखायची हीच सगळ्यात सोपी खूण आहे, कारण चूक बहुतेक इथंच होते. हिपॅटायटिस बी ची लस आधी घेतलेली असावी. तिचे तीन डोस असतात : पहिला, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. हिपॅटायटिस सी ला लस नाही, म्हणून तिथं सुईच सांभाळायची.

वेळही बघा. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाची टोकं हातावर ओरखडे काढतात. रावेर-यावलकडं केळीचा चीक अंगावर उडतो, फवारणीचं औषध तर असतंच. वावरात जाणाऱ्यानं यातलं काहीही चालू असताना हातावर नवा टॅटू करू नये. वेचणी आटोपल्यावर, थंडी असताना केला तर घामही नसतो. तीन आठवडे विहिरीत, नदीत, पाटात पोहणं बंद. घरात लग्न असेल तर त्या हाताला हळद लावू द्यायची नाही. हळदीच्या वाटीत पन्नास जणांची बोटं गेलेली असतात.

रक्ताबद्दलचा गैरसमज तर गावोगाव आहे. ‘टॅटूवाल्याचं रक्त चालत नाही.’ चालतं. आपल्याकडच्या नियमानुसार टॅटूनंतर १२ महिने थांबायचं असतं, त्यानंतर इतरांसारखंच रक्त देता येतं. थांबण्याचं कारण एवढंच की नुकताच झालेला संसर्ग तपासणीत सापडायला वेळ लागतो. नाक-कान टोचून घेतलं तरी थांबावंच लागतं. नाक टोचलेल्या पोरीचं रक्त वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. एमआरआयचंही तसंच. टॅटू आहे म्हणून तपासणी नाकारत नाहीत. काही शायांत धातूचे कण असतात, क्वचित जागा गरम लागते, म्हणून आधी सांगून ठेवायचं आणि चटका जाणवला तर लगेच बोलायचं.

भरतीचं मात्र नीट ऐका, कारण पहाटे पाचला मैदानावर पळणारी पोरं इथंच फसतात. सैन्यात कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. दंड, मान, छाती, पाठ चालत नाही. मान्यताप्राप्त आदिवासी जमातींच्या उमेदवारांना रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी सवलत आहे, तिचा निर्णय प्रत्येक प्रकरण बघून होतो. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ अशा केंद्रीय दलांत नियम आणखी आवळ आहे : डाव्या हाताची आतली बाजू किंवा तळव्याची मागची बाजू, मजकूर देवाचं चिन्ह किंवा नाव, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी. डावाच हात, कारण सलाम उजव्यानं होतो. म्हणून उजव्या हाताच्या आत ‘आई’ लिहिलेला पोरगा सैन्यात चालेल आणि सीआरपीएफमध्ये अडेल. दंडावर केवढ्याही श्रद्धेनं काढलेला बजरंगबली दोन्हीकडं अडतो. भरतीचा विचार मनात असेल तर त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय सुईला हात लावू द्यायचा नाही. घरच्यांनी ‘गुंड दिसशील’ म्हणण्याऐवजी हा नियम सांगितला तर पोरगं ऐकतं.

मेडिकलची तारीख आली की खरी वाताहत सुरू होते. चुना आणि सोडा लावून बांधतात. बॅटरीचं ॲसिड लावतात. जाड मिठानं रक्त येईपर्यंत घासतात. ‘टॅटू रिमूव्हल’ लिहिलेली क्रीम ऑनलाइन मागवतात. शाई सालीखाली आहे, क्रीम तिथं पोचत नाही. ॲसिड आणि चुना पोचतात, पण वाटेतली सगळी कातडी जाळत. आधी फोड, मग जखम, मग जाड पांढरा किंवा काळा व्रण, आणि व्रणाच्या मध्ये अर्धवट शाई तशीच. छाती आणि खांद्यावर व्रण वाढत जाऊन गाठीसारखा होऊ शकतो, त्याला केलॉइड म्हणतात, आणि तो टॅटूपेक्षा काढायला अवघड असतो. ठरलेल्या लग्नाआधी मनगटावरचं जुनं नाव घालवण्यासाठी पोरीही हेच करतात. एका नावापायी हात भाजून घ्यावा लागतो, एवढा धाक आपण घालून ठेवलाय.

रीतसर मार्ग लेझरचा, तोही त्वचारोगतज्ज्ञाकडं. क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचा लेझर सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजावा लागेल इतका छोटा झटका देतो. शाईचे कण फुटून बारीक होतात आणि शरीरातल्या पेशी ते हळूहळू वाहून नेतात. हे वाहून न्यायलाच वेळ लागतो, म्हणून दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. सहा ते दहा बैठका धरा, म्हणजे सात-आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत. महिनाभरात काढून देतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका. काळ्या-निळ्यासाठी १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी, आपल्या सावळ्या कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित तीच. लालसाठी ५३२. हिरवा हट्टी असतो. पांढरा किंवा कातडीच्या रंगाचा टॅटू लेझरनं उलट काळा पडू शकतो, म्हणून आधी एका ठिपक्यावर करून बघायचं. आजीच्या पद्धतीचं काजळीचं गोंदण सहसा लवकर फिकं होतं, कारण त्यात शाई कमी असते. केस काढायच्या मशीननं टॅटू काढून देणारेही भेटतात. त्या मशीनचा झटका लांब असतो, कण फुटण्याऐवजी भोवतालची कातडी भाजते. लेझरनंतर फोड आला तर फोडायचा नाही, आणि खान्देशातल्या उन्हात तो भाग झाकून ठेवायचा, नाहीतर काळा डाग पडतो. म्हणून पहिली बैठक पावसाळ्याच्या तोंडाशी घेतलेली बरी.

फक्त नाव घालवायचं असेल तर त्यावर दुसरी नक्षी काढता येते. पण ती जुन्याच्या दोन-तीनपट मोठी आणि गडद लागते. आधी लेझरच्या एक-दोन बैठका घेऊन जुनं फिकं केलं तर नवी नक्षी कमी काळी करता येते.

सोयरीक बघायला आलेल्यांनी पोह्यांची ताटली घेताना मनगट न्याहाळण्यापेक्षा सरळ विचारावं : कधी केला, सुई नवी होती का, रक्ततपासणी केली का? तीही मुलगा-मुलगी दोघांची. दवाखाना, हॉटेल, दुकान चालवणाऱ्यांसाठी तर एवढंच पुरे की भरलेला टॅटू ही साधी कातडी असते, त्यानं काहीही दूषित होत नाही. न भरलेला असेल तर इतर कुठल्याही जखमेसारखी पट्टी लावायची.

आणि आज अचानक बाहीखाली ताजा टॅटू दिसलाच, तर भांडण पुढच्या आठवड्यात करा. आधी मोजा काढा. साध्या साबणानं आणि कोमट पाण्यानं दिवसातून दोनदा हलक्या हातानं धुवा, स्वच्छ फडक्यानं टिपून कोरडा करा, सांगितलेलं मलम अगदी पातळ लावा. जाड थर दिला की जखम ओली राहते आणि खपल्या भिजून रंगासकट सुटतात. खपली नखानं काढायची नाही. हळद, खोबरेल, बोरोलिनचा लेप, काही नको. पू, पसरत जाणारी लाली, ताप किंवा काखेत गाठ आली तर त्याच दिवशी डॉक्टरकडं. सुईची खात्री नसेल तर हिपॅटायटिस बी च्या लशीबद्दल लगेच विचारा, आणि लगेचची रक्ततपासणी पुरेशी नसते, तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा करायची. डॉक्टर विचारतील, कुठं केला? तेव्हा बापानं डोळे वटारले तर पोरगं ‘स्टुडिओत’ म्हणून मोकळं होतं. केलेला असतो जत्रेत, आणि तपासण्या लिहायच्या राहून जातात.