एलेरॉनची जुळणी: आधी तार, मग रेडिओ

रेडिओ कंट्रोल विमानाच्या पंखात एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान डावी-उजवीकडे कलवणारी हलती फळी) बसवताना हल्ली एक सवय सर्रास दिसते. सर्व्हो (एलेरॉन हलवणारी छोटी मोटर) जमेल तसा चिकटवायचा, पुशरॉड (सर्व्होला एलेरॉनशी जोडणारी तार) अंदाजाने वाकवायचा आणि जे वाकडे राहील ते ट्रान्समीटरच्या सब-ट्रिममध्ये (सर्व्होची मधली जागा सरकवणाऱ्या सेटिंगमध्ये) ओढून सरळ करायचे. आजच्या रेडिओत हे करता येते, पण ते करू नये असे माझे ठाम मत आहे. नाशिकमधील माझ्या ओळखीचे बरेच छंदकरी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दिवसभर व्हर्निअर हाताळतात. त्यांनी संध्याकाळी पंखावर बसून अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई चालवून घ्यावी, हे मला पटत नाही.

सुरुवात सर्व्होपासून करावी. सर्व्हो पंखात बसवण्यापूर्वीच रिसीव्हरला जोडावा, ट्रिम (विमान सरळ उडावे म्हणून उड्डाणात करायची बारीक दुरुस्ती) आणि सब-ट्रिम शून्यावर ठेवावेत आणि मगच आर्म (सर्व्होवर फिरणारा, पुशरॉड धरणारा हात) बसवावा. आर्मच्या आतील दात्यांमुळे तो पुशरॉडशी नेमका काटकोनात बसेलच असे नाही; अशा वेळी आर्म काढून दुसऱ्या बाजूने लावून पाहावा, कारण चार हातांच्या आर्मचा एखादा हात बहुधा काटकोनाच्या अगदी जवळ येतो, आणि उरलेल्या तीन हातांना कात्री लावता येते. सब-ट्रिमचे काम त्यानंतरच्या किंचित फरकापुरते असावे.

एलेरॉनवरील कंट्रोल हॉर्नची (पुशरॉड अडकवण्याच्या शिंगासारख्या पट्टीची) भोके बिजागरीच्या रेषेच्या बरोबर खाली यायला हवीत. ती पुढे-मागे झाली तर एलेरॉन वर आणि खाली सारखा फिरत नाही, आणि मग आपण न मागितलेला फरक पंखात कायमचा शिरतो. पुशरॉड सर्व्होच्या आर्मवर आतल्या आणि हॉर्नवर बाहेरच्या भोकात लावल्यास सर्व्होची पूर्ण फिरत वापरात येते, जोर वाढतो आणि हालचाल बारीक होते. हेच काम रेडिओतील एंड पॉइंट (सर्व्होच्या फिरण्याची मर्यादा) पन्नास टक्क्यांवर आणून केले, तर एलेरॉनचा प्रवास कमी होतो खरा, पण सर्व्होची अर्धी फिरत आणि तिच्याबरोबर मिळणारा जोर वाया जातो. जुळणी झाल्यावर एलेरॉनची मागची कड दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली करून पाहावी. सर्व्हो जागचा हलत नसताना कड हलत असेल, तर क्लेव्हिसची (पुशरॉडच्या टोकाच्या, हॉर्नमध्ये अडकणाऱ्या चिमट्याची) पिन किंवा हॉर्नचे भोक सैल आहे, आणि वेगाने खाली येताना अशा सैलपणातूनच फडफड सुरू होऊन पंख तुटू शकतो.

आता डिफरन्शियल, म्हणजे एलेरॉनच्या वर आणि खाली जाण्यातला फरक, आणि सर्वांत जास्त विचार मला इथेच आवश्यक वाटतो. विमान उजवीकडे कलते तेव्हा उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली जातो. ज्या बाजूचा एलेरॉन खाली गेला तिची उचल वाढते, पण तिच्याबरोबर हवेचा अवरोधही वाढतो, त्यामुळे विमान उजवीकडे कलत असताना त्याचे नाक मात्र डावीकडे ओढले जाते. सपाट पोटाचा पंख वर बसवलेल्या शिकाऊ विमानात हे फार जाणवते. उपाय जुना आहे: एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी जाऊ द्यावा. १९३१ साली प्रथम उडालेल्या टायगर मॉथ या ब्रिटिश शिकाऊ विमानामध्ये खाली जाणारा एलेरॉन जवळजवळ जागचा हलतच नसे. सव्वा मीटर पंखाच्या शिकाऊ विमानाला मी मागच्या कडेशी वर बारा आणि खाली सहा मिलिमीटर ठेवतो. समअंग (वरून-खालून सारख्याच गोलाईच्या) पंखाच्या कसरतीच्या विमानाला याची फारशी गरज नसते.

सर्व्हो आणि हॉर्न दोन्ही पंखाच्या खालच्या बाजूला असतील, तर सर्व्होचा आर्म पंखाच्या पुढच्या कडेकडे थोडा झुकवून हा फरक तारेतच आणता येतो; वाय-केबलवर दोन्ही सर्व्हो एकाच चॅनेलला जोडलेले असतील, तेव्हा हाच मार्ग उरतो. दोन सर्व्होंना दोन स्वतंत्र चॅनेल दिले, तर आर्म काटकोनात ठेवून रेडिओतून डिफरन्शियल देणे मी पसंत करतो, कारण उड्डाणानंतर तो बदलता येतो. शिवाय गरजेप्रमाणे दोन्ही एलेरॉन एकत्र खाली आणून फ्लॅपसारखे वापरता येतात. आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात) तयार झालेल्या सुखोई-३० एमकेआयच्या पंखावर असेच दुहेरी काम करणारे फ्लॅपेरॉन आहेत.

एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळची हालचाल सौम्य किंवा तीव्र करणारी सेटिंग) देताना चिन्ह तपासावे: फ्युटाबा कंपनीच्या रेडिओमध्ये मधली हालचाल सौम्य करण्यासाठी उणे, तर स्पेक्ट्रमच्या रेडिओमध्ये अधिक आकडा द्यावा लागतो. मित्राच्या रेडिओवरील आकडे तसेच उतरवून घेतल्यास विमान सौम्य होण्याऐवजी भलतेच चपळ होते.

मैदानावर प्रत्येक वेळी विमानाच्या शेपटीमागे उभे राहून स्टिक उजवीकडे न्यावी आणि उजवा एलेरॉन वर गेला, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी परिसर जवळ असल्यामुळे जागा निवडण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा, कुठे उडवता येते ते दाखवणारा नकाशा पाहणेही तितकेच आवश्यक आहे. पहिल्या उड्डाणात जी ट्रिम द्यावी लागली, ती रेडिओत तशीच ठेवू नये. विमान उतरल्यावर एलेरॉन कुठे थांबले आहेत ते पट्टीने मोजावे, क्लेव्हिस फिरवून तीच जागा तारेत आणावी आणि ट्रिम पुन्हा शून्यावर न्यावी.