ट्टॉक

हडपसरला गाडीतळापाशी रिक्षा अडकली होती. दुपारचे अडीच. पुढे पीएमपीची बस, मागे विटांचा ट्रक, आणि डावीकडच्या हिरव्या पाटीवर बाणाशेजारी लिहिलेलं: फुरसुंगी. ते वाचलं आणि माझी जीभ आपोआप टाळूला चिकटली. निघालं मात्र नुसतं 'च्यक्'.

"मी काय करू ताई?" रिक्षावाले दादा आरशातून म्हणाले. "सगळेच थांबलेत."

मला ट्टॉक येत नाही. फुरसुंगीच्या बनेश फेणेला यायचं. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काडीसारखा, चौकड्यांच्या शर्टातला, सायकलवरून वाऱ्यासारखा सुटणारा बन्या ऊर्फ फास्टर फेणे. त्याला काही सुचलं, काही खटकलं की तो जीभ टाळूला लावून 'ट्टॉक' करायचा, आणि आपण समजायचं की आता चोरांची धडगत नाही. त्याच्या गोष्टी लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांनी त्या ट्टॉकला दोन ट का दिले ते मला प्रयत्न करून करून कळलं. एका टने साधा टॉक होतो, आणि तो कुणालाही जमतो. मला तोही जमत नाही हा भाग वेगळा.

आम्ही कऱ्हाडचे. पुण्याला यायचं म्हणजे कोयना एक्स्प्रेस, आणि पुणं जवळ आलं की खिडकीतून फुरसुंगी स्टेशन दिसायचं. पिवळी पाटी, दोनचार झाडं, संपलं. गाडी थांबायची नाही. पण मी वाठारपासूनच खिडकीची जागा धरून बसायचे. सायकलवर एखादा बारीक पोरगा दिसला की झालं, पुढचं पुणं नाही दिसलं तरी चालायचं. आता याच गावाचं नाव काढलं की पुणेकराला आधी कचरा डेपो आठवतो. मला नाही आठवत. मी ठरवून आठवत नाही.

मे महिन्यात सगळी भावंडं कऱ्हाडला जमायची आणि टोळी व्हायची. दरवर्षी पहिलं भांडण ठरलेलं: फास्टर फेणे कोण? माझा आतेभाऊ राजू, कारण त्याच्याकडे सायकल होती. मला माली व्हायला लागायचं, कारण मी मुलगी आणि बन्याची बहीण माली. मालीशी माझं वैर नव्हतं, पण गोष्टीत मालीला जे करायला मिळायचं तेवढंसुद्धा राजू मला करू द्यायचा नाही. मी पहारा द्यायचा आणि पाणी आणायचं. ते वैर अजून आहे. राजूच्या टकलावरून हात फिरवायची हुक्की येते ती त्यामुळेच.

अडचण एकच, गुन्हे नव्हते. बन्याला काय, विमानचोर भेटायचे, भागवतांनी त्याला चीनच्या युद्धात पार नेफापर्यंत, म्हणजे आताच्या अरुणाचलापर्यंत, धाडलेला. कऱ्हाडात आमच्या गल्लीत सगळ्यात मोठी भानगड म्हणजे कुणाची तरी बादली कुणाच्या तरी नळाखाली. आम्ही दोन दिवस एका बोहारणीचा पाठलाग केला. दुसऱ्या दिवशी तिनेच आम्हाला हाक मारून गाठोडं डोक्यावर चढवायला लावलं.

आणि मग कुरडया जायला लागल्या.

तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून आज्जीने गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया घातल्या होत्या. ओळीत बारा, अशा नऊ ओळी. राखण आमच्याकडे: काठी, काळी छत्री आणि पाण्याचा तांब्या. पहिल्या दुपारी चार कमी. दुसऱ्या दुपारी सात. आज्जी मोजायची. मोजून झाल्यावर काही बोलायची नाही, फक्त आमच्या तोंडांकडे बघायची. आता राखणदारच चोर ठरणार म्हटल्यावर टोळीच्या इज्जतीचा प्रश्न आला.

तपासाला भिंग पाहिजे. ते आजोबांकडे होतं, पंचांग वाचायचं, काळ्या मुठीचं. आजोबांनी ते लगेच दिलं. इतकंच नाही तर खुर्ची ओढून आमच्यात बसले. वाचनालयाचं खातं त्यांच्या नावावर होतं. एक पुस्तक आम्हाला, एक त्यांना, आणि त्यांचं बहुतेक रहस्यकथावाल्या बाबूराव अर्नाळकरांचं असायचं. अर्नाळकरांचा नायक झुंजार कोळून प्यायलेला माणूस. गुन्हेगार कसा विचार करतो ते त्यांनी आम्हाला तासभर समजावलं. कावळा नव्हे, म्हणाले, कावळा सांडतो. खार अख्खी कुरडई नेणार नाही. हे मांजराचं काम. पलीकडच्या घरातलं ते पांढरं आहे ना, त्याची चाल मला पहिल्यापासून पसंत नाही.

राजूने वहीत 'पांढरं मांजर' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

ठशांची कल्पना माझी. (राजू आजही स्वतःची म्हणून सांगतो.) पॉन्ड्सचा डबा अर्ध्यातच संपला, मग आज्जीची रांगोळी घेतली आणि धोतराभोवती सगळीकडे पसरली. जेवणं झाल्यावर घर आडवं झालं. आम्ही जिन्याच्या दाराआड दबा धरून बसलो आणि पाच मिनिटांत चौघंही झोपलो. एवढं मात्र कुठल्याच पुस्तकात नसतं. टपून बसलेल्या पोरांना तिथे कधी डुलकी लागत नाही, शू येत नाही, घामोळं टोचत नाही.

जाग आली तेव्हा सहा कुरडया गेलेल्या. रांगोळीत पाऊल उमटलेलं.

मांजराचं नव्हतं. मोठं, रुंद, अनवाणी, आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. राजूने भिंग धरलं, पण भिंगाची गरज नव्हती. रोज संध्याकाळी त्या पायांना तेल लावायची पाळी आमच्यातच फिरायची. माझी सोमवार-गुरुवार. ती करंगळी सोडवून मधे तेल घालावं लागायचं.

आजोबांना त्या चैत्रात ब्लडप्रेशर निघालं होतं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. पापड, लोणचं, सांडगे, सगळंच. घरात त्यांचं पिठलं वेगळं व्हायचं आणि ते ताटाकडे न बघता जेवायचे. हे आम्ही रोज बघत होतो, पण बघणं आणि पुरावा जुळवणं वेगळं.

आम्ही चौघं त्या पावलाभोवती उकिडवे बसलो होतो. धाकटी म्हणाली, "आता आजोबांना पकडायचं?" कुणी उत्तर दिलं नाही. पुस्तकातला चोर बाहेरचा असतो. गाल बसलेला, आवाज खरखरीत, मोटारीतून येतो. त्याला दोरीने बांधला की सगळे टाळ्या वाजवतात आणि इन्स्पेक्टर पाठ थोपटतात. चोर आपल्या वाचनालयाची वर्गणी भरत असला तर काय करायचं, ते बन्याने कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी राजूने पायाने रांगोळी फिसकटून टाकली. त्याचं हे मी कबूल करते, ते त्यालाच सुचलं. मग चौघांनी मिळून फिसकटली, आणि त्या गडबडीत ती उरलेल्या कुरडयांवर उडाली. वर्षभर कुरडई खाताना दातांखाली कचकच यायची. आज्जीने आमची सालटी काढली. आजोबा मधे पडले. "पोरं आहेत," म्हणाले. "मांजर हुसकायला गेली असतील."

दुसऱ्या दिवशी चोरी थांबली. भिंग आजोबांनी परत मागितलं नाही. ते अजून माझ्याकडे आहे.

पुढे फास्टर फेणे टीव्हीवर आला, सुमीत राघवन झाला, मग 2017 साली सिनेमात अमेय वाघ. त्या सिनेमात भागवतांचं काम दिलीप प्रभावळकरांनी केलंय, म्हणजे बोक्या सातबंडेच्या लेखकाने फास्टर फेणेच्या लेखकाचं. मला हे फार आवडतं, का ते विचारू नका. माझ्या भाचीला मी पुस्तकांचा संच आणून दिला. तिने पहिलं संपवल्यावर विचारलं, "याच्याकडे फोन का नाही?" मी सांगितलं, फोन असता तर गोष्ट दीड पानात संपली असती. तिला ते पटलं की काय, दुसरं घेऊन गेली.

बस अजून हललेली नव्हती. एवढं सगळं मी मनात म्हणत नव्हते, रिक्षावाले दादा ऐकत होते. ते फुरसुंगीच्याच बाजूचे निघाले. फास्टर फेणे त्यांना माहीत नव्हता, ट्टॉक मात्र होतं. "बैलाला करतात ना तसं? आमचे वडील करायचे." मी एकदम गप्प झाले. पंचेचाळीस वर्षं मला वाटत होतं ते डोकं चालल्याचं लक्षण आहे. बन्याने ते गावाकडच्या बैलगाडीवरून उचललं असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. अर्थात भागवत पुण्यात हसले असते कदाचित, माहीत नाही.

"पण मग तो मेन चोर कोण निघाला?" दादांनी विचारलं. "कुरडयांचा?"

त्यांना पायापर्यंतच सांगितलं होतं. करंगळीचं नव्हतं सांगितलं.

"मांजर," मी म्हणाले.

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. दोन ट असलेलं, टणक, स्वच्छ 'ट्टॉक' केलं, आणि गिअर टाकला.