छापखान्यातला माणूस कागदावर पोहे का खात नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इंदूरला पाहुणे आले की ठेल्यावर हा प्रश्न ठरलेला: “अहो, जन्म वर्तमानपत्राच्या छापखान्यात गेला, आणि पेपरच्या कागदावरचे पोहे नको म्हणता?”

म्हणूनच नको म्हणतो. पेपरची काळी शाई म्हणजे मुख्यतः काजळी आणि खनिज तेल. हे तेल वाळत नाही, कागदात मुरतं. शिळ्या पेपरनेही बोटं काळी होतात ती त्यामुळेच. रात्रपाळी संपली की आमचे हात नुसत्या पाण्याने निघत नसत. आधी खायचं तेल चोळायचं, मग साबण. जे तेल माझ्या तळव्यावरची शाई सोडवतं, ते कचोरीतून झिरपल्यावर कागदावरची सोडवणार नाही?

माझं गाव इंदूरजवळचं देपालपूर. बाहेरगावची म्हणून डाक एडिशन आम्ही आधी छापायचो, आणि पहाटे गठ्ठे गाडीने जायचे. गावात एक पेपर चहावाला, न्हावी, शेजारचा किराणावाला असा फिरत दुपारपर्यंत मऊ होतो, मग रद्दीच्या भावाने भजीवाल्याकडे. २०१८च्या पॅकेजिंग नियमांत खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला बंदी आहे. पण द्रोणाला पैसे पडतात, रद्दी जवळजवळ फुकट. त्या माणसावर मी चिडत नाही.

देपालपूरचे नातेवाईक मात्र पुढचा प्रश्न जरा ऐटीत टाकतात: “आता तर आपल्या शेतातल्या सोयाबीनची शाई निघालीय ना?” निघालीय, पण आपल्याकडे नव्हे. १९७०च्या दशकात खनिज तेल भडकलं, तेव्हा अमेरिकेतली वर्तमानपत्रं पर्याय शोधू लागली आणि १९८७ साली आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या ‘गॅझेट’ने सोया शाईवर पेपर छापला. (त्याच वर्षी इंदुरात राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र सुरू झालं, हा निव्वळ योगायोग.) सोया तेल फिकं, त्यामुळे रंगीत छपाई खुलते. काळ्या शाईत ते महाग पडतं, आणि पेपरात काळीच जास्त लागते. शिवाय तेल शेतातलं असलं तरी त्यात कालवलेली काजळी आणि रंग छपाईचेच. आपल्या शेतातलं म्हणून ते पोटात घ्यायचं कारण नाही.

तेव्हा पळसाचा द्रोण द्या, स्टीलची प्लेट द्या, नाहीतर मी डबा काढतो. जीरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला, मात्र हात सैल सोडून घाला.