मशीनचं दार

पावसाळ्यात मुंबईत कपडे वाळत नाहीत, थोडे कमी ओले होतात इतकंच. हॉलमध्ये पंख्याखाली स्टँड, बेडरूमच्या दारावर टॉवेल, खिडकीच्या ग्रिलला मोजे आणि छताच्या पुलीवर चादरी. पाहुणा आलाच तर त्याने परकर चुकवत सोफ्यापर्यंत पोचायचं. हवेतच ऐंशी-पंच्याऐंशी टक्के आर्द्रता, तिथे कपड्यांतलं पाणी जाणार कुठे? सगळ्याला कुबट वास येतो आणि आपण पावसाच्या नावाने खडे फोडून मोकळे होतो. मग ऑक्टोबरचं कडकडीत ऊन पडतं, कपडे तासाभरात वाळून खडखडीत होतात, तरी वास तसाच. आता मात्र पावसाला बोल लावता येत नाही. संशय मशीनवर जातो.

या वासाची एक खोड आहे. कपाटातल्या घडीच्या शर्टाला तो येत नाही. इस्त्री करताना वाफेबरोबर जरासा जाणवला तर जाणवला. माणूस निर्धास्तपणे शर्ट चढवून निघतो, लोकलमध्ये घाटकोपरला लोंढा आत घुसतो, काखेत घाम फुटतो आणि शर्ट बोलायला लागतो. शेजारचा खिडकीकडे तोंड फिरवतो. तो बिचारा समजतो, या माणसाने आज अंघोळ केलेली नाही. 2012 साली जपानी संशोधकांनी या वासामागचा जीवाणू शोधून काढला. त्याचं नाव मोरॅक्झेला ऑस्लोएन्सिस. धुऊनही कपड्यात उरलेला आपल्या अंगाचा तेलकटपणा हा खातो आणि ओल्या फडक्याचा वास असलेलं एक आम्ल तयार करतो. कपडा वाळला तरी तो तग धरून राहतो. पुन्हा ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो.

आमच्या फ्रंट लोड मशीनचा वास काढायला जो मेकॅनिक आला, त्याला जीवाणूंशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने दार उघडलं आणि तोंडाभोवतीच्या जाड रबराची घडी बोटांनी उलटी केली. आत काळपट, बुळबुळीत थर होता. त्यात केसांचं गुंतवळ, शर्टाचं बटण, एक रुपयाचं नाणं आणि सोसायटीच्या पावतीचा लगदा. मग खाली कोपऱ्यातलं झाकण काढून फिल्टर फिरवला. तांबूस पाणी लादीवर आलं आणि आईने नाकाला पदर लावला. तो फिल्टर असतो, हे बऱ्याच घरांत मशीन बंद पडेपर्यंत कुणाला ठाऊक नसतं. मागची नळी बाथरूमच्या जाळीतून नहाणी ट्रॅपमध्ये खोल खुपसलेली होती, तीही त्याने वर ओढली. नळीचं टोक गटाराच्या पाण्यात बुडालेलं असलं तर खालचा वास वर यायला दुसरी वाट लागत नाही.

"ताई, पावडर किती टाकता?" त्याने विचारलं.

उत्तर आईने दिलं, "फेस येईपर्यंत."

सगळी गोम इथेच आहे. फेस दिसला नाही तर कपडे धुतले असं आपल्याकडे कुणाला वाटतच नाही. बादलीत कपडे भिजवून, ब्रश मारून, चार पाण्यांतून काढणाऱ्या हाताला फेसाचा अंदाज असतो. फ्रंट लोड मशीन मुळात कमी पाण्यात काम करतं. कपडे वर जाऊन खाली आपटले की मळ निघतो, आणि फेस जास्त झाला की ते आपटणंच मऊ पडतं. उरलेला साबण खळबळून निघत नाही, ड्रमच्या मागच्या बाजूला जाऊन बसतो, त्यावर मळ बसतो आणि त्यावर बुरशी. त्यात मुंबईला पाणी येतं ते भातसा, तानसा, वैतरणा, विहार अशा तलावांतून. हे पावसाचं पाणी आहे, मऊ. मऊ पाण्यात थोडीच पावडर पुरते. टँकर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांची गोष्ट वेगळी. तिथे क्षार साचतात, आणि मेकॅनिक हमखास काढतो ती डीस्केलिंगची पुडी तिथे उपयोगाची आहे. तलावाच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात तिच्यावर फार भिस्त ठेवू नये, असं माझं मत. पुडी मात्र मी घेतली. समोर उभ्या माणसाला नाही म्हणणं जमत नाही.

फेसाच्या जोडीला सुवास असतो. वास आला की आपण सॉफ्टनरचं झाकण भरून ओततो. कपडे मऊ करणारा तो पदार्थ धाग्यांवर एक स्निग्ध थर चढवतो, आणि तसाच थर ट्रेमध्ये, नळ्यांत आणि ड्रमवरही बसतो. म्हणजे अंघोळ न करता वर पावडर थापायची, तसला प्रकार. तो ट्रे पूर्ण बाहेर निघतो. काढून त्याची मागची बाजू एकदा बघाच. जेवणानंतर मात्र नको.

आईचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या मते कपडे उकळल्याशिवाय स्वच्छ होतच नाहीत. गिरगावच्या चाळीत चादरी आणि पंचे धुण्याचा सोडा घालून मोठ्या पातेल्यात उकळत. पावसाळ्यात शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाची दुपटी सुकवत, निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकत. महालक्ष्मीच्या धोबीघाटावरही भट्टी असायची. आपण हे सगळं मोडीत काढलं आणि मशीनवर तीस डिग्रीचं बटण दाबायला लागलो. रंग टिकतो, वीज वाचते, जीवाणूंचीही चंगळ होते. फ्रंट लोडमध्ये हीटर असतो, त्यामुळे महिन्यातून एकदा रिकामं मशीन साठ डिग्रीच्या वर, किंवा टब क्लीनचं बटण असेल तर त्यावर चालवावं. आत थोडा धुण्याचा सोडा टाकला तरी चालतो. हीटर नसलेल्या टॉप लोडमध्ये गीझरचं गरम पाणी बादलीने ओतता येतं. टॉवेल, पायपुसणी आणि अंतर्वस्त्रं गरम पाण्यातच धुतलेली बरी. लिंबू-व्हिनेगरचे उपाय सगळीकडे सांगतात, पण व्हिनेगर रबराला रोज सोसत नाही. आणि ब्लीच वापरणार असाल तर व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड, काहीही त्यात मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपली बाथरूम किती मोठी ते आपल्याला माहीत आहे.

हे सगळं जमण्यासारखं आहे. घोडं अडतं ते जागेपाशी. धुणं झालं की कपडे लगेच बाहेर काढा, असं सगळे सांगतात. काढून घालायचे कुठे? दोरीवर कालचे आहेत, स्टँडवर परवाचे. आमच्याकडे दोरी रिकामी झाल्याशिवाय मशीन रिकामं होत नाही, आणि तोवर ओले कपडे ड्रममध्ये बंद दाराआड मुरत पडतात. पाणी सकाळी येतं, म्हणून मशीन सकाळी लागतं. नऊला सगळे घराबाहेर, आणि कपडे काढायला जो पहिला घरी येतो तो संध्याकाळी सातला.

मेकॅनिकने निघताना सांगितलं, "काही लावू नका, काही ओतू नका. धुणं झालं की रबर पुसा आणि दार उघडं ठेवा." वाचायला हे फुकटचं औषध. आमचं मशीन आहे पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराला खेटून. मशीनचं दार उघडलं की बाथरूमचं अर्धंच उघडतं, आणि बाबांना आत जायला कुशीवर वळावं लागतं. शेजारच्या काकूंकडे रांगता नातू आहे, त्यांना तर दार उघडं ठेवताच येत नाही. मूल ड्रममध्ये शिरायचा धोका खरा आहे. शेवटी जुन्या नॅपकिनची घडी दारात अडकवून दोन बोटांची फट ठेवायची, यावर आमची तडजोड झाली. हवा खेळायला तेवढी पुरते.

आईला ती फटसुद्धा मंजूर नव्हती. "झुरळ शिरलं म्हणजे?"

"मावशी, झुरळं ओलीला येतात. आत कोरडं राहिलं तर कशाला येतील?" मेकॅनिक बॅगेची चेन लावत म्हणाला.

"तू आमच्या बिल्डिंगमधली झुरळं पाहिलेली नाहीस," आई म्हणाली, आणि मशीन लावायच्या आधी ड्रममध्ये मारायला बॅटरी शोधू लागली.