मे महिन्यातली छाटणी: फांदी खाली कशी येते

एप्रिल संपत आला की ठाण्यातल्या सोसायट्यांना झाडं आठवतात. नौपाडा असो की घोडबंदर रोड, मागणी एकच: "पावसाच्या आधी सगळं बोडकं करून टाका, वर्षभर कटकट नको." झाडावर चढून पोट भरणाऱ्याचा यात फायदाच आहे, कारण बोडकं केलेलं झाड दोन-तीन वर्षांनी त्याला पुन्हा बोलावतंच. जाड फांदी मध्येच तोडली की खुंटाच्या कडेनं फुटव्यांचा झुपका येतो. हे फुटवे सालीलगतच्या थरालाच चिकटलेले असतात, आतल्या लाकडात त्यांची पकड नसते. ते भराभर वाढतात, इकडे खुंट पाणी पिऊन कुजत जातो, आणि जुलैतल्या एखाद्या वावटळीत अख्खा झुपका खालच्या गाडीवर येतो. गुलमोहर आणि पेल्टोफोरम (सोनमोहर) या बाबतीत सगळ्यांत बेभरवशाचे.

झाड बोडकं नाही, हलकं करायचं असतं. सुकलेल्या फांद्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, पार्किंगवर लांबवर झुकलेल्या फांद्या, एवढ्याच काढायच्या. लांब फांदी आखूड करायची तर एखाद्या उपफांदीच्या बेचक्याशी कापायची, आणि ती उपफांदी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी, म्हणजे पुढची वाढ ती सांभाळते. एका वेळी हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त नाही. नारळाच्या फक्त वाळलेल्या झावळ्या आणि नारळ उतरवायचे. हिरव्या झावळ्या साफ करून शेंड्याला झाडूचा आकार देणं म्हणजे झाडाला उपाशी ठेवणं.

शिवाय अख्खं झाड आडवं होतं तेव्हा दोष बहुतेक वेळा वर नसतो, मुळाशी असतो. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवलेले, गटार खोदताना एका बाजूची मुळं तोडलेली, मग वरून कितीही छाटा. चढण्याआधी बुंध्याभोवती एक फेरी मारायची. जमिनीलगत कडक, बशीसारखी बुरशी दिसली तर सावध व्हायचं. लाकडी हातोडीनं ठोकत जायचं. ठणठणीत आवाज बदलून ढोलासारखा आला तर आत पोकळी आहे. अशा झाडावर माणूस चढवायचा नाही, हायड्रॉलिक शिडीची गाडी मागवायची.

परवानगीबद्दल थोडक्यात. १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडं जतन कायद्यात 'तोडणं' या शब्दात जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. म्हणजे बुंध्यात ॲसिड ओतणं किंवा गोल साल काढणं हीसुद्धा तोडच. झाड सोसायटीच्या आवारात आहे म्हणून ते सोसायटीच्या मर्जीचं होत नाही. ठाणे असो वा नवी मुंबई, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज आणि फोटो द्यायचे आणि लेखी परवानगी घ्यायची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' धरलं जातं आणि त्याचे नियम जास्त कडक आहेत. तोंडी "करून टाका" म्हणणारा सेक्रेटरी पंचनाम्याच्या वेळी गावाला गेलेला असतो.

आता प्रत्यक्ष काप. मनगटाहून जाड फांदी एका कापात कधीच काढायची नाही. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर लांब, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. करवत दाबली जायला लागली की थांबायचं. दुसरा काप वरून, पहिल्यापेक्षा दोन-तीन बोटं बाहेरच्या बाजूला. फांदी इथे मोडते आणि तिची साल फाटत खोडापर्यंत येत नाही, कारण खालचा काप तिला अडवतो. उरलेला फूटभर खुंट तिसऱ्या कापात काढायचा, आणि इथेच बहुतेकजण चुकतात. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कड असते. काप तिच्या लगेच बाहेर हवा. कड शाबूत राहिली की झाड जखमेभोवती नवं लाकूड गुंडाळत नेतं. खोडाशी सपाट, 'फिनिशिंग' दिसेल असं कापलं तर ती कड जाते आणि जखम दुप्पट होते. कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासायची पद्धत अजून जोरात आहे. त्यानं कुज थांबत नाही, ओल मात्र आत कोंडून राहते.

कापणं हा कामाचा सोपा भाग. खरी कसरत वजनाची. ओल्या लाकडाचा घनमीटर ८०० ते १००० किलो धरा. एक फूट व्यासाची, दहा फूट लांब फांदी म्हणजे जेमतेम पाव घनमीटरही नाही, पण भरते पावणेदोनशे ते सव्वादोनशे किलो, डहाळ्या-पानं वेगळी. ही फांदी मीटरभर सुटी पडून दोरावर आपटली तर दोराला बसणारा झटका तिच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. म्हणून दोर नेहमी कापाच्या वरच्या, भक्कम बेचक्यातून टाकायचा, म्हणजे फांदी सुटताक्षणी दोरावर लटकते. आधार कापाच्या खाली घेतला तर ती आधी पडते आणि मग झटका देते. खालच्या माणसानं दोराचे बुंध्याला तीन वेढे घ्यायचे. वजन वेढे पेलतात, हात फक्त सोडण्याचा वेग सांभाळतात. दोर हाताला गुंडाळणाऱ्याला त्या दिवशी कामावर ठेवू नये. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर स्वस्त पडतो, पण सालीवर घासून तापला की वितळतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच घ्या.

वर आणि खाली बोलायचे शब्द ठरलेले आणि मोजके हवेत. "खाली मोकळं?" "मोकळं, दादा!" हे उत्तर आल्याशिवाय करवत चालत नाही. त्यानंतर फक्त "धर", "ढील दे" आणि "थांब". मशीनच्या आवाजात चौथा शब्द कळत नाही. गंमत पाहायला आलेल्या आजोबांना गेटपाशी अडवायला एक माणूस वेगळा लागतो, आणि पैसे वाचवायचे म्हणून सोसायटी नेमका तोच कमी करायला सांगते.

विजेच्या तारेपाशी फांदी असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. ओली फांदी वीज वाहून नेते, ओला बांबूही.

झाडावर १४ इंची पट्टीची हलकी चेनसॉ (साखळीची मशीन-करवत) पुरते, जमिनीवर ओंडके करायला १८ इंची. वर मशीन चालवताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा: एक चढायचा दोर आणि एक कमरेचा पट्टा, शक्यतो आत स्टीलची तार असलेला. मशीन एका हातात धरून दुसऱ्या हातानं फांदी ढकलायची सवय अनेकांना आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उलट उसळतं, आणि एका हाताला ते आवरत नाही. चेन बोथट झाल्याची खूण भुशात दिसते: धारदार चेन चिपा फेकते, बोथट चेन पीठ पाडते. पॉइंट थ्री टू फाइव्ह इंच पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, ३० अंशांचा कोन, प्रत्येक दाताला सारखेच घाव. ठाण्यात चेन लाकडापेक्षा खिळ्यांनी जास्त मरते. पाटी, दिवाळीच्या माळा, सीसीटीव्हीची वायर, सगळं झाडातच ठोकलेलं आणि त्यावर साल वाढलेली. वड-पिंपळाचा चीक चेनवर सुकला की कडक होतो. त्याच संध्याकाळी रॉकेल किंवा डिझेलनं पुसायचा. जूनमध्ये मशीन ठेवून द्यायचं तर टाकी रिकामी करून ते बंद पडेपर्यंत चालवायचं. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं आणि कार्ब्युरेटर चोंदतो.

मेमधल्या छाटणीची दुसरी अडचण म्हणजे घरटी. एप्रिल ते जून कावळ्यांची अंडी-पिल्लं असतात, पाऊस सुरू झाला की बगळे आणि वंचक (ढोकरी) रेन ट्रीवर वसाहती करतात. तांबट पक्षी तर सुकलेल्या फांदीतच गोल भोक पाडतो. खाली वाट किंवा गाडी नसेल तर अशी फांदी मुळापासून काढायची गरज नाही, चार-पाच फुटांचा खुंट ठेवला तरी चालतो. हे सगळं टाळायचं तर काम जानेवारीत काढा. तेव्हा घरटी कमी, बुरशी कमी, आणि चांगली टीमही मोकळी असते.

पाऊस लागला की या धंद्यात बरेच दिवस रिकामे जातात. कोणी खाडीवर गळ टाकून बसतो, कोणी येऊरच्या जंगलात पक्षी बघत हिंडतो. खालून भोकं ओळखायची सवय तिथे उपयोगी पडते. दोराची चटक लागलेले रविवारी विहीगावच्या धबधब्याला रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला जातात. तिथे कामाचा दोर नेऊ नका. त्याला चीक, चेनचं तेल आणि करवतीचे बारीक ओरखडे लागलेले असतात. उलट बाजूनं, प्रस्तरारोहणाचा ताणणारा दोर झाडावर आणला तर चढताना अर्धी ताकद त्याच्या झोल्यातच जाते. दोन्ही दोर वेगळ्या पिशव्यांत ठेवा, भिजले तर सावलीत वाळवा, आणि टोकाला चिकटपट्टी लावून त्यावर दोर घेतल्याचं वर्ष लिहा. दहा वर्षं झाली की वापरला नसला तरी तो सामान बांधायला काढायचा. कुठे कापला गेला किंवा मोठा झटका बसला, तर त्याच दिवशी.