कोण कोणाला चावलं?

सिंहगड रोडवर माझा जनावरांचा दवाखाना आहे. पावसाळा लागला की "काहीतरी विषारी चावलंय" म्हणून धावत येणारे लोक वाढतात. गेल्या जुलैतल्या एका रविवारी असे दोन कुत्रे लागोपाठ आले. त्या दिवसापासून मी केसपेपरवरचा पहिला प्रश्न बदलला.

सकाळी पावणेसातला धायरीचे एक निवृत्त काका लॅब्राडोरला गाडीच्या मागच्या सीटवर घालून घेऊन आले. ब्रुनोच्या तोंडातून फेसाच्या तारा लोंबत होत्या, पुढच्या पंजाने तो सारखं तोंड ओरबाडत होता. "बागेत विषारी बेडूक चावला हो त्याला. तुमच्याकडे सापावरचं इंजेक्शन असेल ना? तेच द्या, पैशाचं बघू नका," काका म्हणाले.

मी ब्रुनोचं तोंड उघडलं. हिरड्या विटेसारख्या लाल. सूज कुठेच नाही, दाताची खूण नाही. स्टेथोस्कोप लावला तर हृदयाचे ठोके मध्येच चुकत होते. काकांचा नातू मागे उभा होता, त्याला विचारलं, "तू पाहिलंस का रे?" तो म्हणाला, "बेडूक नाही चावला. ब्रुनोनेच त्याला तोंडात धरलं होतं."

आपण सगळ्यांनाच बेडूक म्हणतो. पण पावसाळ्यात जिन्याच्या दिव्याखाली किडे टिपत बसतो तो खडबडीत अंगाचा प्राणी वेगळा, पुस्तकात त्याला भेक म्हणतात. त्याला दातच नसतात, तो चावणार कशाने? त्याचं विष डोळ्यांमागच्या दोन फुगीर ग्रंथींमध्ये असतं. कुत्र्याने जबड्यात दाबला की त्यातून दुधासारखा चिकट स्राव निघतो आणि हिरड्यांतून, जिभेतून अंगात उतरतो. पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाल्ल्यावर हृदयाचं जे होतं, त्याच जातीचं हे काम. दोन्ही विषं हृदयाच्या पेशींमधला सोडियमचा पंप अडवतात.

सापावरच्या लसीचा इथे काडीचा उपयोग नव्हता. ती लस घोड्याच्या रक्तातून तयार होते. तिच्यातली प्रतिद्रव्यं नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचंच विष ओळखतात, भेकाचं नाही. वर घोड्याची प्रथिनं अंगावर उठून जीव जाण्याचा धोका असतो तो वेगळाच. काकांना हे पटेना. "विषारी ते विषारीच ना डॉक्टर?" असं ते दोनदा म्हणाले. ब्रुनोची मान खाली धरून, पाणी पोटात जाणार नाही अशा बेताने आम्ही दहा मिनिटं त्याचं तोंड धुतलं, ओल्या फडक्याने हिरड्या पुसल्या, सलाइन लावलं, ठोक्यांवर औषध दिलं. अकरापर्यंत तो शेपूट हलवायला लागला.

काकांचं ते वाक्य मात्र डोक्यात राहिलं. त्यांचं काय चुकलं? शाळेत आपण सगळे "विषारी साप, बिनविषारी साप" असंच शिकलो. मराठीत विष टोचणाराही विषारी आणि विष अंगात बाळगून बसणाराही विषारी. पहिल्याला दात किंवा नांगी लागते. साप, विंचू, गांधीलमाशी त्यातले. दुसरा काहीच करत नाही. त्याला खाल्लं, चाटलं, चावलं की बाधा होते. भेक त्यातला, समुद्रातला फुगणारा मासाही त्यातलाच. विषाचा प्रकारही बहुतेक वेळा वेगळा असतो. सापाचं विष म्हणजे मुख्यतः प्रथिनं. तोंडात किंवा पोटात जखम नसेल तर ती पोटात गेल्यावर डाळीतल्या प्रथिनांसारखी पचतात, रक्तात गेली तरच घात करतात. फुगणाऱ्या माशाचं विष शिजवूनही मरत नाही.

हे मी एरवी कुणाला बसून सांगितलं नसतं. पण दुपारी एकच्या सुमारास डोणज्याचे एक शेतकरी मोटारसायकलवर मांडीत कुत्रा घेऊन आले. मागे बसलेल्या त्यांच्या मुलाच्या हातात खताची रिकामी गोणी होती.

"म्याडम, ह्यानं साप मारला आन् अर्धा खाल्ला बी. मिठाचं पाणी पाजून पाजून ओकवलं, पर इख काय पोटातनं जाईना बघा. गळाठलाय पार."

काळू नावाचा गावठी कुत्रा, जेमतेम पंधरा किलोचा. दीड तास त्याला ओकवत होते. खारट पाण्याने आधीच जीव शिणलेला, शिवाय मिठाचीही कुत्र्यांना विषबाधा होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पोटातल्या सापाची मला काळजी नव्हती. मला काळूचं तोंड दिसत होतं. उजवा गाल आणि नाकाची बाजू दुप्पट झाली होती, डोळा मिटला होता आणि सूज गळ्याकडे उतरत होती. आधी त्याचा चामड्याचा पट्टा कापला, तो गळ्यात रुतायला लागला होता. ओठ उलटा केला तर आतल्या बाजूला दोन ठिपके, आणि त्यातून पातळ रक्त थांबायचं नाव न घेता झिरपत होतं.

"साप दाखवा."

मुलाने गोणी जमिनीवर उलटी केली. वीतभर धड आणि डोकं. पाठीवर तपकिरी लंबगोल ठिपक्यांची साखळी. लहानपणी कात्रजच्या सर्पोद्यानात काचेला नाक लावून हीच साखळी पाहिली होती, कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फूत्कारही तिथेच ऐकला होता. घोणस. आमचे कंपाउंडर वाकून डोक्याला हात लावणार, तेवढ्यात मी ओरडले. मेलेल्या सापाचं, अगदी तुटलेलं डोकंसुद्धा बराच वेळ चावू शकतं, आणि ग्रंथीत विष तसंच असतं. चिमट्याने उचलून ते झाकणाच्या डब्यात टाकलं.

शेतकरीदादांना मी एकच सांगितलं, "त्याने सापाला खाल्लं त्याने काही होत नाही. मारताना साप त्याला चावलाय, त्याने होतंय." ते गप्प झाले. मग म्हणाले, "मंजी आमी दीड तास उगाच घालवला?" काय उत्तर द्यायचं? मी सिरिंज हातात घेतली.

पायाच्या शिरेतून रक्त काढून नव्या कोऱ्या काचेच्या नळीत घातलं. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकच्या नळीत रक्त नीट गोठत नाही. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही. ती वीस मिनिटं हलवायची नाही. घोणशीचं विष रक्तातली गोठण्याची साखळी मोकाट सोडतं आणि गोठवणारे घटक सगळे खर्ची पडतात. मग रक्त गोठूच शकत नाही. वीस मिनिटांनी नळी कलती केली. रक्त रॉकेलसारखं सरळ खाली आलं.

लसीच्या दोन बाटल्या फ्रिजमध्ये होत्या. बाटलीत कोरडी पूड असते, ऊर्ध्वपातित पाणी घालून हळूहळू गोल फिरवत विरघळवायची. हलवली की फेस होतो, आणि घाई असली की हात हलतोच. लसीची रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रिनालिन सिरिंजमध्ये भरून ठेवलं आणि सलाइनमधून पहिल्या दोन बाटल्या सुरू केल्या. दादांनी विचारलं, "कुत्रा लहान हाय, अर्ध्यात भागंल का?" प्रश्न पैशाचा होता, मला कळत होतं. पण लस विषाच्या मापाने लागते, वजनाच्या मापाने नाही. घोणशीने पंधरा किलोच्या काळूला टोचताना माणसापेक्षा कमी विष टोचलं असेल असं धरून चालत नाही. म्हणूनच दवाखान्यात लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढीच लस देतात.

आणखी बाटल्या हव्या होत्या. मी आणि माझी मदतनीस मुलगी औषधांच्या दुकानांना फोन करत बसलो. रविवार, भर पाऊस, चार ठिकाणी "नाही". पाचव्या ठिकाणी, पेठेतल्या एका दुकानात, तीन मिळाल्या. शेतकऱ्याचा मुलगा मोटारसायकल घेऊन गेला आणि पाऊण तासाने नखशिखांत भिजून परतला. बाटल्यांची पिशवी शर्टाच्या आत धरली होती.

दादा बाकावर बसून होते. मधूनच विचारायचे, "गुरांनी ह्यो साप तुडवला आसता तर? आन् कोंबडीनं टोच मारून खाल्ला तर?" मी सांगत गेले, तुडवताना चावला तर धोका, नुसतं खाऊन बहुतेक नाही. त्यांनी मग एक जुनी गोष्ट काढली. घरात दुधात पाल पडली म्हणून त्यांच्या आईने वर्षानुवर्षं दूध ओतून दिलं होतं. आपल्या घरातली पाल विष टोचतही नाही आणि बाळगतही नाही. दूध घाण झालं म्हणून टाकावं, ते बरोबरच. पण विषाची भीती नको.

रात्री आठ वाजता पुन्हा नळी भरली. ती वीस मिनिटं मी टेबलापासून हलले नाही. कलती केली. खाली मऊ, लिबलिबीत गोळा दिसला, पण कडेने अजून पातळ रक्त ओघळत होतं. अकराला तिसरी नळी. ही उलटी केली तरी आतलं रक्त जागचं हललं नाही. दादा बाकावर झोपले होते. त्यांना उठवून नळी दाखवली, तर ते म्हणाले, "आता हे घट झालं, मंजी चांगलं?"

चांगलंच. पण घोणस एवढ्यावर सोडत नाही, मूत्रपिंडं निकामी करते. दुसऱ्या दिवशी काळूची लघवी काळ्या चहासारखी होती आणि रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालत नसली की रक्तात साचतं ते, वाढलेलं. आम्ही सलाइन चालूच ठेवलं, दर चार तासांनी लघवी मापत राहिलो. सोमवार, मंगळवार त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. बुधवारी सकाळी कंपाउंडर दारातूनच ओरडले, "मॅडम, पिवळी झाली!"

मी मापाचं भांडं खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. खरंच पिवळी होती.