ब्रेक लायनर, सायलेन्सर आणि आमचे रॅक

भिवंडीजवळच्या ज्या गोदामाचा कारभार मी पाहतो, तिथे ट्रक आणि टेम्पो यांचे सुटे भाग साठवले जातात. गोदाम म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकसारख्या खोक्यांच्या थप्प्या येतात. आमच्याकडे मात्र तळहातावर मावणारे ऑइल सील आणि माणसाहून लांब सायलेन्सर, विटेसारखी जड ब्रेक लायनरची खोकी आणि जरा धक्का लागला तरी तडकणारी पुढची काच, हे सारे एकाच छपराखाली नांदते. तीन वर्षांपूर्वी जागा अपुरी पडू लागली, तेव्हा अशा मालाला रॅक कसे हवेत याचा विचार मला मुळापासून करावा लागला. त्या वेळी जे शिकलो ते माझ्यासारख्या इतर गोदामवाल्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून लिहीत आहे.

आमचे जुने रॅक नेहमीचे पॅलेट रॅक होते, म्हणजे पॅलेटवर (माल रचायच्या फळ्यांच्या पाटावर) ठेवलेला माल पेलणारे, आणि त्यांचे बीम, म्हणजे खांबांना जोडणारे व पॅलेट पेलणारे आडवे दांडे, २७०० मिमी लांबीचे होते. या आकड्यामागे साधा हिशेब असतो. १२०० मिमी रुंदीचे दोन पॅलेट शेजारी ठेवायचे आणि दोन्ही खांबांपाशी व मधे १०० मिमीची फट सोडायची, की बेरीज २७०० होते. हा हिशेब चुकीचा नव्हता. चूक होती ती दोन मजल्यांमधले अंतर सगळीकडे सरसकट दीड मीटर ठेवण्यात. लायनरच्या पॅलेटचे वजन एक टनावर पोहोचते तेव्हा ते पॅलेटसकट जेमतेम ६० सेंटिमीटर उंच झालेले असते, म्हणजे त्याच्यावर पाऊण मीटर नुसती हवा राहते. उलट केबिनच्या दरवाज्यांची १.८ मीटर उंचीची खोकी त्या खणात शिरतच नव्हती, म्हणून ती गल्लीत जमिनीवर उभी केलेली असत आणि फोर्कलिफ्टला दर फेरीत त्यांच्यापाशी थबकावे लागे. गोदाम भरले आहे असे आम्ही मालकांना सांगत होतो, पण पुष्कळशी जागा रॅकमध्येच रिकामी पडलेली होती.

नवे रॅक मागवण्याआधी आम्ही तीन आठवडे फक्त मोजमाप केले. कुठला माल किती लांब, रुंद, उंच आहे, पॅलेटसकट त्याचे वजन किती भरते आणि तो आठवड्यातून किती वेळा बाहेर पडतो, एवढेच वहीत उतरवायचे होते. काट्यावर चढवलेल्या पॅलेटचे वजन संगणकातल्या नोंदीशी अनेकदा जुळत नाही, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले, आणि रॅकचा भार नोंदीवरून नव्हे तर काट्यावरून ठरवायचा हे पक्के झाले. त्याच दिवसांत आमच्या माथाडी टोळीतले एक जुने मामा मला म्हणाले, "साहेब, फिल्टर रोज दहा वेळा काढावे लागतात आणि लायनर आठवड्यातून एकदा. मग फिल्टर वर आणि लायनर खाली कशाला?" जड माल खालीच हवा, हे त्यांनाही मान्य होते; त्यांची तक्रार फिल्टरच्या जागेविषयी होती आणि ती अगदी रास्त होती. म्हणून फिल्टर, सील, बेअरिंग असा हाताने वेचायचा माल आम्ही पॅलेट रॅकमधून काढला आणि डिस्पॅचच्या दाराजवळ साध्या फळ्यांच्या रॅकवर आणला. त्यातही ज्याची मागणी सर्वात जास्त, तो कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत ठेवला. आता शिडी दिवसातून क्वचितच हलते.

यापुढचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे माझ्या हातून गंभीर चूक होता होता राहिली. पॅलेट रॅकच्या खांबाला ठरावीक अंतराने, बहुधा दर ५० किंवा ७५ मिमीवर, खाचा असतात. पिन काढायची, दोघांनी बीम उचलायचा आणि वरच्या खाचेत बसवायचा, एवढे ते सोपे असते, आणि म्हणूनच त्यात धोका आहे. खांब किती भार पेलेल हे पोलादाच्या जाडीवर अवलंबून असते, तसेच ते जमीन आणि पहिला बीम यांच्यामधल्या मोकळ्या लांबीवरही अवलंबून असते. ती लांबी वाढली की खांब वाकण्याची भीती वाढते. निव्वळ सिद्धांताने पाहिले तर सडपातळ खांबाची ताकद लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे दीड मीटरचे २.१ मीटर केले की ती जवळजवळ निम्म्यावर येते. प्रत्यक्षात बीमच्या जोडाचा ताठपणा आणि खांबाचा आकार यांमुळे आकडा वेगळा निघतो, आणि तो उत्पादकाच्या तक्त्यातूनच घ्यावा लागतो.

दरवाज्यांची खोकी बसावीत म्हणून एका पूर्ण रांगेतला खालचा बीम २.१ मीटरवर नेण्याचे मी ठरवले होते. रांगेच्या टोकाला लावलेल्या फलकावर 'प्रति मजला २ टन' असे लिहिलेले होते आणि तेवढे मला पुरेसे वाटले. रॅक बसवायला आलेल्या मिस्त्रींनी मात्र पाने हातात घेण्याआधी विचारले, की वरच्या मजल्यांवर काय राहणार आहे. लायनर, असे मी सांगताच त्यांनी काम थांबवले. फलकावरचे दोन टन बीमच्या जोडीचे होते आणि बीम कुठेही हलवला तरी ते बदलणार नव्हते. बदलणार होती ती खांबांची क्षमता, आणि तिचा त्या फलकावर उल्लेखच नव्हता. आम्ही नवी मांडणी उत्पादकाकडे पाठवली, कमी झालेला आकडा लेखी मागवला आणि त्या रांगेत वर फक्त बंपर, फायबरचे मडगार्ड असा हलका माल ठेवायचा असे ठरवले. लायनरसाठी दुसऱ्या रांगेत मजल्यांमधले अंतर ९०० मिमीपर्यंत कमी केले, तिथेही भाराचा हिशेब नव्याने करून घेतला, आणि दोन्ही रांगांना नवे फलक लावले. आमच्या गोदामात आता लेखी परवानगीशिवाय कुणी बीमची पिन काढत नाही.

जमिनीची गोष्टही अशीच आहे. भाड्याच्या कागदपत्रांत 'दर चौरस मीटरला ५ टन' असा आकडा पाहून समाधान मानू नये, कारण तो सर्वत्र सारख्या पसरलेल्या वजनाचा असतो, आणि रॅकचे वजन तर खांबाच्या पायातून एकेका बिंदूवर उतरते. चार मजले, प्रत्येकावर एकेक टनाचे दोन पॅलेट, म्हणजे एका खणात, दोन चौकटींमधल्या जागेत, ८ टन झाले. चौकट म्हणजे पुढचा आणि मागचा खांब यांची जोडी. रांगेतल्या मधल्या चौकटीवर दोन्ही बाजूंचा निम्मा निम्मा भार येत असल्याने तिच्यावरही ८ टनच येतात आणि तिच्या दोन खांबांपैकी प्रत्येकाखाली ४ टन. पाठीला पाठ लावलेल्या रांगा असतील, तर वीतभर अंतरावर आणखी ४ टन. आम्ही तीन ठिकाणी भोके पाडून काँक्रीटची जाडी पाहिली. मागच्या भिंतीकडे भराव असून तिथली जाडी कमी भरली, म्हणून ती बाजू हलक्या मालाला दिली.

विशिष्ट आकाराच्या मालासाठी केलेले बदल खर्चाने लहान आणि उपयोगाने मोठे ठरले. सायलेन्सर आणि लांब पाइप आता पुढे खांब नसलेल्या, नुसते हात बाहेर आलेल्या रॅकवर आडवे राहतात, त्यामुळे ते बाजूने सरळ उचलता येतात. काचा निजवून ठेवल्या की खालच्या काचेवर वजन येते. म्हणून त्या किंचित कललेल्या चौकटीत उभ्या ठेवतो. चौकटीला प्रत्येक काचेसाठी वेगळा कप्पा आहे आणि तळाला रबराची पट्टी आहे. फॅन बेल्ट खुंट्यांवर टांगलेले असतात, आणि त्यांच्या रुंद पन्हळी खुंट्या आम्ही मुद्दाम करून घेतल्या, कारण बारीक खुंटीवर महिनोन्महिने टांगलेला बेल्ट तिथेच दुमडतो.

रीच ट्रक, म्हणजे अरुंद गल्लीत चालणारी फोर्कलिफ्ट, घेऊन गल्ल्या साडेतीन मीटरवरून पावणेतीनपर्यंत आणाव्यात, म्हणजे एक रांग वाढेल, असा सल्लाही मिळाला होता. हिशेब बरोबर होता, पण लहान चाकांच्या त्या यंत्राला सपाट फरशी लागते आणि आमची तशी नाही. आम्ही साध्या फोर्कलिफ्टवरच राहिलो. पावसाळ्यासाठी मात्र सर्वात खालचे पॅलेटही जमिनीवर न टेकवता बीमवर घेतले. त्यामुळे तिथे हातगाडी चालत नाही, प्रत्येक वेळी फोर्कलिफ्ट लागते. पण तळाची खोकी ओल धरत नाहीत, म्हणून ती गैरसोय आम्ही स्वीकारली.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी एक मीटरची सरळ पट्टी आणि ओळंबा घेऊन प्रत्येक खांब तपासतो. युरोपातल्या प्रचलित मानकाप्रमाणे खांब बीमच्या दिशेने एका मीटरमागे ५ मिमीपर्यंत, आणि आतल्या, म्हणजे चौकटीच्या दिशेने ३ मिमीपर्यंत वाकलेला चालतो. त्याच्या दुपटीहून जास्त बाक आढळला तर खण तातडीने रिकामा करायचा असतो. या महिन्यात चौथ्या रांगेच्या वळणावरचा खांब आतल्या दिशेने ७ मिमी वाकलेला निघाला. हातोड्याने सरळ करून घेऊ, असे एकाने सुचवले, पण पत्र्याचा असा खांब ठोकून सरळ केला तरी त्याची मूळ ताकद परत येत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचे खण त्याच दिवशी दुपारपर्यंत मोकळे केले, पुढे लाल पट्टी बांधली, आणि नव्या खांबाबरोबरच त्या वळणासाठी जमिनीत पक्का बसवायचा लोखंडी अडसरही मागवला आहे. धडक कुणाकडून लागली हे चालकांनी स्वतःहून सांगितले, याचे मला फार समाधान वाटले. त्या वळणावर प्रकाश अपुरा आहे, हेही त्यांनीच दाखवून दिले, आणि तिथला दिवा कालच बदलला.